'इमर्सिव्ह' म्हणजे भारी ग्राफिक्स नव्हे

प्रश्न : 'प्रे' (२०१७) हा गेम खेळतोय. या प्रकाराला 'इमर्सिव्ह सिम' म्हणतात. मराठीत काय म्हणावं? आणि तो सिम की ती सिम?

मोबाइलच्या सिमकार्डाचा इथे संबंध नाही. हे 'सिम्युलेशन'चं तोकडं रूप. पण आधी 'इमर्सिव्ह'चं बघू, कारण त्याचे फार हाल चाललेत. हेडफोन इमर्सिव्ह, टीव्ही इमर्सिव्ह, परवा एका जाहिरातीत सोफासुद्धा! चित्र झकास दिसलं की झालं इमर्सिव्ह. भाषांतर करणारे मग 'तल्लीन करणारा' असं ठोकून देतात. तल्लीन माणूस कीर्तनातही होतो.

मूळ लॅटिन धातू 'मेर्गेरे', म्हणजे बुडवणं. त्याचा सख्खा भाऊ आपल्या घरात आहे : संस्कृत 'मस्ज्'. यातल्या 'स'चा लॅटिनमध्ये 'र' झाला, आपल्याकडे 'मज्जति' झालं. त्यातूनच मग्न, निमग्न, आणि पुराच्या बातम्यांतलं जलमग्न. धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची जुनी यादी, या धातूचा अर्थ 'शुद्धौ' (शुद्ध होणं) असा देतो. वैयाकरणांना बुडणारा प्रत्येक जण अंघोळीलाच निघालेला दिसत असावा! बुडणं आधीचं, सोवळं नंतरचं. इंग्रजी पेपर गणेश विसर्जनाला 'इमर्शन' म्हणतात, तेव्हा आपण नाकं मुरडतो. विसर्जनात सोडून देणं आहे, बुडवणं नाही, हे खरंच. पण हैदराबादेत त्याच सोहळ्याला 'निमज्जनम्' म्हणतात. इमर्शन आणि निमज्जन, अक्षरशः एकाच कुळातले! (आपली 'मज्जा' याच धातूतून आली असं छातीठोक सांगणारे विद्वान भेटतात. ती फारसी 'मज़ा' आहे. हाडातली मज्जा आणखी वेगळी.)

'सिम'ही परका नाही. 'सिम्युलेशन'च्या मुळाशी लॅटिन 'सिमिलिस', म्हणजे सारखा, आणि तो आपल्या 'सम'च्या गोत्रातला.

आता गेमकडे. गेम डिझायनर वॉरन स्पेक्टरने २००० साली आपल्या 'डेउस एक्स' या गेमबद्दल लिहिताना 'इमर्सिव्ह सिम्युलेशन' हे शब्द वापरले. प्रकार त्याहून जुना; 'सिस्टिम शॉक' १९९४चा. पाण्यात पडलं की पाण्याचे नियम आपल्याला लागू होतात, तेच इथे. 'प्रे'मध्ये टॅलोस वन या अवकाशस्थानकावर दार बंद असेल, तर किल्ली शोधा, किंवा ग्लू कॅननने भिंतीवर फेसाचे गोळे चिकटवून वर चढा. खिडकीला फट आहे? खेळण्यातल्या धनुष्याचा फोमचा बाण आतल्या स्क्रीनच्या बटणावर मारा, दार उघडेल. मिमिक नावाचे परग्रही जीव कपाचं रूप घेऊन टेबलावर बसतात. ती शक्ती मिळवलीत की तुम्हीही कप होऊन त्याच फटीतून घरंगळत आत जाता. यातली प्रत्येक वाट लेखकाने आखून दिलेली नसते, ती त्या जगाच्या नियमांतून फुटते. म्हणून हा खेळ इमर्सिव्ह. चकचकीत शर्यतीचा गेम नव्हे.

तेव्हा 'निमग्न-सम' म्हणा! दोन्ही मुळं शाबूत. समित्यांना हवंय ते 'अनुभवात्मक प्रतिरूपण' त्यांनी परिपत्रकात ठेवावं; तसला गेम कोणी डाउनलोड करणार नाही.

हो, लिंगाचं राहिलंच. तुमच्याकडे गेम 'तो' असेल तर सिमही 'तो', 'ती' असेल तर 'ती'. पुण्या-मुंबईत दोन्ही ऐकलंय.