एका दिवसात सहा ठिकाणं? वेरूळ नीट बघा, बाकीचं राहू द्या

तुम्ही लिहिलंय की दिवाळीच्या सुट्टीत सत्तरीच्या आईवडिलांना घेऊन छत्रपती संभाजीनगरला येताय, आणि टूरवाला एका दिवसात दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ, घृष्णेश्वर, बीबी का मकबरा, पाणचक्की असं सगळं दाखवतो म्हणतोय. दाखवेल की! मीही एकदा वडिलांना अशाच बसमधून नेलं होतं. कैलास लेण्यात आम्हाला चाळीस मिनिटं मिळाली. वडील रावणाच्या शिल्पापाशी नुकते कुठे रमले होते, तेवढ्यात बसवाल्याची हाक आली.

आधी वार बघा. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी. आणि घृष्णेश्वराला सोमवारी गर्दी असते, तो दिवसही टाळा.

वेरूळ शहरापासून ३० किलोमीटर. सकाळी लवकर निघा, आधी घृष्णेश्वराचं दर्शन उरका (गाभाऱ्यात पुरुषांना अंगातला शर्ट काढावा लागतो, वडिलांना आधीच सांगून ठेवा) आणि थेट कैलास, म्हणजे १६ नंबरचं लेणं गाठा. लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत, त्यामुळे सकाळी तिथे छान सावली असते. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या काळात हे देऊळ डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरत आणलं. आधी कळस, मग पाया! आत शिरल्यावर उजव्या बाजूला गेलात की भिंतीवर रामायणाचा पट आहे. आईंना एकेक प्रसंग ओळखू द्या, घाई करू नका. त्याच बाजूला कैलास हलवणारा रावण आहे. त्यात रावणापेक्षा पार्वती बघा, दचकून तिने शंकराचा हात धरलाय.

एकूण ३४ लेणी आहेत. सगळी बघायच्या भानगडीत पडू नका. ३० ते ३४ ही जैन लेणी बरीच लांब आहेत, तिथे पायी जाऊ नका, वाहनाने जा. त्यातलं ३२ नंबरचं, इंद्रसभा, चुकवू नका. मग जेवण, थोडा आराम.

१० नंबरचं लेणं मी मुद्दाम दुपारनंतर ठेवतो. ऊन उतरायला लागलं की दर्शनी भागातल्या गवाक्षातून उजेड आत येतो आणि स्तूपापुढचा बुद्ध उजळतो. छताकडे बघा, लाकडी वासे वाटतात ते दगडच आहेत. म्हणून तर लोक त्याला सुताराची झोपडी म्हणतात. शेजारच्या तीन ताल लेण्याचे जिने त्यांच्या गुडघ्यांना झेपणार नाहीत, ते खालूनच बघा.

मकबरा आणि पाणचक्की शहरातच आहेत, दुसऱ्या दिवशी निवांत होतील. दौलताबादचा किल्ला जाता-येता गाडीतून दिसतो, आईवडिलांना तेवढा पुरे. तुम्हाला स्वतःला चढायचा असेल तर त्यांना हॉटेलवर ठेवून सकाळी एकटे जा, आणि मोबाइल चार्ज करून न्या. अंधारीत, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेत, टॉर्च लागतोच, वर वटवाघळांचा वास असतो तो वेगळा.