अर्धाच मॅच, मग किलर सेल्स दादावर उलटतील का?

प्रश्न : दादाला एएमएल, म्हणजे ब्लड कॅन्सर आहे. आईच्या स्टेम सेल्स, म्हणजे रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी देणारेत, मॅच अर्धाच. त्यातल्या नॅचरल किलर सेल्स, म्हणजे रोगट पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशी, दादावरच उलटतील का? – एक बहीण, इंदूर

उत्तर : ताई, भीती साहजिक आहे, पण उलटतात त्या मुख्यतः आईच्या टी सेल्स, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी. किलर सेल समोरच्या पेशीवर ओळखीचं एचएलए, म्हणजे ज्यावरून मॅच ठरतो ती ओळखखूण, आहे का बघते, वॉचमन पास बघतो ना तसं, नाही दिसलं की मारते, म्हणून अर्ध्या मॅचमध्ये उरलेली कॅन्सरची पेशी तिच्या तावडीत सापडू शकते. 2002मध्ये इटलीतल्या पेरूजाच्या टीमने एएमएलमध्ये हेच दाखवलं. शिवाय या पेशी साधारण महिन्याभरात परततात, टी सेल्सना कित्येक महिने लागतात, तोवर प्रतिकारशक्ती कमीच, म्हणून सराफ्यातलं उघड्यावरचं खाणं दादाला अजिबात नको हं! प्रत्येक जोडीत हा फायदा मिळतोच असं नाही, तेव्हा आईचं केआयआर टायपिंग, म्हणजे किलर सेलवरच्या एचएलए ओळखणाऱ्या रिसेप्टरची तपासणी, करायचंय का, डॉक्टरांना नक्की विचारा.