लेकीची तिमाही परीक्षा

प्रश्न : माझी मुलगी ओहायोत भूलतज्ज्ञ आहे. वय ४४. मी तिच्याकडे गेले होते, तेव्हा रात्री ओटा आवरून झाला की ती मोबाईलवर वेळ लावून प्रश्न सोडवत बसायची. विचारलं तर म्हणाली, "बोर्डाचं आहे, आई." एवढी वर्षं काम करून अजून परीक्षा? नोकरीवर काही संकट नाही ना? आपल्याकडच्या डॉक्टरांना असं काही नसतं का?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, संकट मुळीच नाही. मीही अमेरिकेत २२ वर्षं भूल दिली, हे सगळं केलं आहे. तिथे प्रॅक्टिसचं लायसन्स राज्य देतं. तज्ज्ञ म्हणून सर्टिफिकेट देतं ते बोर्ड, आणि कायद्यानं ते ऐच्छिक आहे. पण त्याशिवाय बरीच हॉस्पिटलं दारात उभं करत नाहीत. भुलीच्या बोर्डाची २००० च्या आधीची सर्टिफिकेटं कायमची होती, नंतरची मुदतीची.

माझं २००४ चं. ते चालू ठेवायला २०१३ मध्ये मोठी परीक्षा दिली. ड्यूटीवरून येऊन वाचत बसायचं, मुलांचं सगळं नवऱ्यावर. केंद्रावर खिसे रिकामे करून आत सोडलं. पास झाले, आणि त्यातलं बरंचसं वर्षभरात विसरलेही.

२०१६ पासून त्या परीक्षेऐवजी 'मोका मिनिट' आलं (मोका म्हणजे भुलीचं सर्टिफिकेट चालू ठेवायचा बोर्डाचा कार्यक्रम). दर तिमाहीला ३० प्रश्न, प्रत्येकाला एक मिनिट. उत्तर दिलं की लगेच बरोबर-चूक आणि का, ते समोर येतं. मला एक प्रश्न आला होता : नस बधिर करायचं औषध रक्तात जाऊन हृदय बंद पडलं, तर ॲड्रिनलिन किती द्याल? मी सवयीनं १ मिलीग्रॅम निवडलं. चूक. अशा वेळी ते किलोमागे १ मायक्रोग्रॅमच्या आतच द्यायचं, आणि खरा उतारा म्हणजे २० टक्क्यांचं लिपिड, शिरेतून द्यायचं पांढरं स्निग्ध द्रावण. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या केसआधी ती पांढरी बाटली ट्रॉलीत कुठे आहे ते मी शोधून ठेवलं. दहा वर्षांनी येणाऱ्या परीक्षेनं मला असं कधी उठवलं नव्हतं.

तक्रारी आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. फी भरावी लागते. कायमचं सर्टिफिकेट असलेल्या ज्येष्ठांना सक्ती नाही, हे मला शेवटपर्यंत पटलं नाही. आणि रात्री दोनला घाबरलेल्या बाळंतिणीशी डॉक्टर कसं बोलतो, हे मोबाईलला कळत नाही. पण दोन-चार प्रश्न चुकले म्हणून कुणाचं सर्टिफिकेट जात नाही.

आपल्याकडे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करताना ३० क्रेडिट तास दाखवावे लागतात. ते परिषदा-कार्यशाळांना बसून मिळतात. परीक्षा नाही. ती असावी, असं मला मनापासून वाटतं.

पुढच्या वेळी गेलात की ते एक मिनिट तिला हाक मारू नका. चुकलं तर काय चुकलं ते मात्र विचारा. माझी आई विचारायची, आणि तिला सांगताना ते माझ्या डोक्यात पक्कं बसायचं.