रुग्णालयांनी 'स्त्री' हा शब्द सोडून 'गर्भाशय असलेली व्यक्ती' असे म्हणावे का?

या प्रश्नाचे दोन भाग आहेत. जन्माच्या वेळी मुलगी अशी नोंद झालेल्या, पण पुरुष म्हणून जगणाऱ्या ट्रान्स व्यक्तीही त्यांत याव्यात म्हणून इंग्लंड-अमेरिकेतील आरोग्यसेवेत 'स्त्री' आणि 'आई' या शब्दांच्या जागी 'गर्भाशय असलेली व्यक्ती', 'जन्म देणारी व्यक्ती' असे शब्द येऊ लागले आहेत, ते योग्य आहे का, हा पहिला. आणि आपल्याकडे तसे करायचे झाल्यास मराठीत कसे करावे, हा दुसरा. मी एका रुग्णालयासाठी मराठी माहितीपत्रके व संमतिपत्रे लिहिते आणि त्यांतील बरीचशी स्त्रीरोग व प्रसूती विभागाची असतात, त्यामुळे हा प्रश्न मला रोजच्या कामात भेटतो. माझे मत असे आहे की, सर्वांसाठी लिहिलेल्या मजकुरात 'स्त्री' हा शब्द कायम ठेवावा आणि गरज असेल तेथे त्याला जोडून इतरांचा उल्लेख करावा. समोर बसलेल्या एका रुग्णाशी बोलताना मात्र त्या रुग्णाला स्वतःसाठी जे शब्द हवे असतील तेच वापरावेत. हे दोन प्रसंग वेगळे आहेत, हे लक्षात न घेतल्यामुळे हा वाद नको इतका कडवट झाला आहे.

इंग्लंडमधील ब्रायटन अँड ससेक्स युनिव्हर्सिटी हॉस्पिटल्स या ट्रस्टने फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रसूतिसेवेतील भाषेविषयी धोरण जाहीर केले, तेव्हा सुइणींना 'आई' आणि 'स्तनपान' हे शब्द वापरण्यास मनाई झाली, अशा अर्थाच्या बातम्या पसरल्या. प्रत्यक्षात त्या धोरणात 'स्त्रिया' या शब्दाला 'आणि जन्म देणाऱ्या व्यक्ती' ही जोड सुचवली होती, आणि एकेका रुग्णाशी बोलताना त्या व्यक्तीच्या पसंतीची भाषा वापरावी, असेही स्पष्ट लिहिले होते. म्हणजे जी स्वतःला आई म्हणवते, ती तेथे आईच राहणार होती. ही पद्धत मला मान्य आहे. तरीही त्यातील सर्वच पर्याय पटण्यासारखे नाहीत. आईच्या दुधासाठी 'मानवी दूध' हा जो एक पर्याय सुचवला होता, त्यातून ते दूध कोणाचे, हेच कळत नाही. मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ मध्ये आशियातील पहिली मानवी दुग्धपेढी सुरू झाली, तेव्हापासून आपल्याकडे या शब्दाने दात्या मातांचे दूध डोळ्यांसमोर येते. नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात आईचे स्वतःचे दूध आणि पेढीतील दूध यांतला फरक परिचारिकेला प्रत्येक वेळी नेमका कळावा लागतो, आणि तेथे शब्द सैल झाला तर काळजीही सैल होते.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने आपल्या मुखपृष्ठावर एका लेखातील वाक्य छापले. 'योनी असलेल्या शरीरांची' रचना आणि कार्य यांच्याकडे इतिहासात दुर्लक्ष झाले, असा त्याचा आशय होता. लेख लंडनमधील एका संग्रहालयात मासिक पाळीविषयी भरलेल्या प्रदर्शनाबद्दल होता. मोठी टीका झाली आणि संपादक रिचर्ड हॉर्टन यांनी वाचकांची क्षमा मागितली. ट्रान्स व्यक्तींचे आरोग्य हाही महत्त्वाचा विषय आहे, हे त्यांनी त्याच निवेदनात सांगितले. माझा त्या वाक्यावरील आक्षेप साधा आहे. ते दुर्लक्ष शरीरांच्या वाट्याला आपोआप आले नव्हते. ती शरीरे स्त्रियांची होती म्हणून आले होते. अन्याय कोणावर झाला हे सांगणाऱ्या वाक्यातूनच अन्याय सोसणाऱ्यांचे नाव काढून टाकले, तर त्या वाक्याचा अर्थच उरत नाही. पुरःस्थ (प्रोस्टेट) ग्रंथीच्या कर्करोगाविषयी लिहिताना 'पुरुष' हा शब्द बिनदिक्कत वापरला जातो, या टीकाकारांच्या तक्रारीतही तथ्य आहे.

अवयवावरून माणसे ओळखण्याची मोठी अडचण मात्र मला महाराष्ट्रात दिसते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचे उघड झाल्यावर २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. पाहणीतील ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या दिवसांत रजा पडली तर मजुरी बुडते आणि मुकादमाचा दंड भरावा लागतो, म्हणून अनेकींनी ऐन तिशीत 'पिशवी' काढून घेतली होती. अशा बाईसमोर 'गर्भाशय असलेल्या व्यक्तींसाठी' असे लिहिलेले पत्रक ठेवले तर ती ते बाजूला सारील, आणि त्यात तिची चूक नसेल. 'मासिक पाळी येणाऱ्या व्यक्ती' असे लिहिले तरी ती त्यात बसत नाही, आणि पाळी गेलेली तिची आईही बसत नाही. वास्तविक पिशवी काढताना गर्भाशयाचे मुख मागे ठेवले असेल, तर त्या बाईला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी पूर्वीइतकीच आवश्यक असते. शिवाय, जिचा एक अवयव गरिबीमुळे गेला तिला नेमक्या त्याच अवयवाच्या नावाने हाक मारणे, हे मला कोणत्याही समावेशक हेतूने समर्थनीय वाटत नाही.

समजण्याचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. भारतातील स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग स्तनाच्या कर्करोगाखालोखाल दुसऱ्या क्रमांकावर आहे, आणि सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रियांची पातळ ॲसेटिक आम्ल लावून तपासणी करण्याची तरतूद आहे. तपासणीने किती फरक पडतो, हे आपल्याच राज्यात सिद्ध झाले आहे. उस्मानाबाद जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या धाराशिवमधील, १ लाख ३० हजारांहून अधिक ग्रामीण स्त्रियांच्या अभ्यासात या कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी आयुष्यात एकदाच केल्यानेही त्याचे मृत्यू सुमारे निम्म्यावर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. आता आपल्या शरीरात गर्भाशयाचे मुख नावाचा भाग आहे, हेच ज्या बाईला कोणी कधी सांगितलेले नाही, तिने 'गर्भाशयमुख असलेल्या व्यक्तींनी तपासणी करावी' हे वाक्य वाचून उठून आरोग्य केंद्रात यावे, अशी अपेक्षा करता येत नाही. 'तीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीने' हे शब्द तिला थांबवतात, कारण ते तिच्याविषयी आहेत हे तिला शोधावे लागत नाही. ऑस्ट्रेलियातील संशोधक कार्लिन ग्रिबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये गरोदरपण, बाळंतपण आणि स्तनपान यांविषयीच्या भाषेवर लिहिलेल्या लेखात अशाच धोक्यांकडे लक्ष वेधले आहे, आणि तो लेख मला महत्त्वाचा वाटतो.

इतके लिहिल्यावर ट्रान्स पुरुषांचा प्रश्न काल्पनिक आहे, असा निष्कर्ष कोणी काढू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झालेली, पण पुरुष म्हणून जगणारी व्यक्ती गरोदर राहू शकते आणि तिला गर्भाशयमुखाचा कर्करोगही होऊ शकतो. इंग्लंडमध्ये २५ ते ६४ या वयात तपासणीचे पत्र घरी येते, परंतु दवाखान्याच्या नोंदीत 'पुरुष' असे लिहिले असेल तर ते आपोआप येत नाही. अमेरिकेतील एका ३२ वर्षांच्या ट्रान्स पुरुषाची हकिकत २०१९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने प्रसिद्ध केली होती. तो पोटदुखीने तातडीच्या विभागात आला. आपण ट्रान्स आहोत आणि घरी केलेली गर्भचाचणी सकारात्मक आली आहे, हे त्याने सांगितले होते. तरीही नोंदीत पुरुष, अंगाने स्थूल, रक्तदाब वाढलेला, एवढे पाहून त्याला तातडीची गरज नाही असे ठरवले गेले. काही तासांनी गर्भधारणा लक्षात आली, तोवर नाळ खाली सरकली होती, आणि बाळ मृत जन्माला आले. ही घटना वाचल्यावर मी बराच वेळ दुसरे काही करू शकले नाही.

पण या घटनेतील दोष कोठे होता, हे नीट पाहावे लागेल. भिंतीवरील फलकावर 'गर्भवती स्त्रिया' लिहिले होते म्हणून ते बाळ गेले नाही. नोंदीतील एका रकान्यामुळे पुढच्या सर्वांच्या मनातून गर्भधारणेची शक्यताच पुसली गेली, आणि रुग्णाने स्वतः सांगितलेले कोणी धरले नाही. फलकावरचे शब्द बदलून हा दोष दूर होणार नाही. त्यासाठी नोंदणीची पद्धत बदलावी लागेल.

एकेका रुग्णाच्या शब्दांविषयी माझे मत याहून मोकळे आहे. इंग्लंडमधील जोज् सर्व्हायकल कॅन्सर ट्रस्ट या संस्थेच्या शब्दसूचीत योनीसाठी काही ट्रान्स रुग्ण वापरतात असे पर्यायी शब्द दिले होते, आणि त्यांवरून २०२३ मध्ये गदारोळ झाला. सूची आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी होती. तपासणीच्या खोलीत एखाद्या रुग्णाला शरीराचा तो भाग एका विशिष्ट शब्दानेच सहन होत असेल, तर परिचारिकेने तो शब्द वापरण्यात काहीच गैर नाही. आपल्याकडे 'खालची जागा' म्हणणाऱ्या मावशींशी आपण त्यांच्याच शब्दांत बोलतो की नाही? तो शब्द त्या खोलीबाहेर सर्व स्त्रियांसाठीच्या पत्रकात मात्र येऊ नये. केरळमधील एका ट्रान्स जोडप्यात पुरुष म्हणून जगणाऱ्या जोडीदाराने फेब्रुवारी २०२३ मध्ये बाळाला जन्म दिला आणि जन्मदाखल्यावर 'आई' व 'वडील' यांऐवजी 'पालक' असे लिहावे, अशी मागणी केली. जून २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने ती मान्य केली. तो दाखला त्या एका कुटुंबाचा आहे, म्हणून हा निर्णय मला योग्य वाटतो.

सर्वोच्च न्यायालयाने गर्भपातविषयक निकालांत दोन्ही वाटा वापरल्या आहेत. सप्टेंबर २०२२ च्या निकालात 'स्त्री' हा शब्द ठेवून त्यात गर्भपाताची गरज पडू शकणाऱ्या इतर व्यक्तीही अभिप्रेत आहेत, असे सांगितले. २०२४ मध्ये महाराष्ट्रातील एका १४ वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात 'गरोदर व्यक्ती' हा शब्द स्वीकारून त्याचे कारण नमूद केले. न्यायनिर्णयात अशा खुलाशाला जागा असते. बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत उभ्याने वाचायच्या पत्रकात नसते, म्हणून मला २०२२ ची वाट अधिक उपयोगी वाटते.

मराठीत हे काम वाटते तितके अवघड नाही. 'गर्भवती' हे रूपच स्त्रीलिंगी आहे, 'गरोदर' तसे नाही. आणि 'तुम्ही गरोदर असाल तर पहिल्या तीन महिन्यांत नाव नोंदवा' या वाक्यात वाचणारा कोण, हे ठरवावेच लागत नाही. थेट 'तुम्ही' म्हटले की निम्मे वाक्य आपोआप सर्वांचे होते. शीर्षकात 'स्त्रियांसाठी' आणि त्याखाली 'ज्या ट्रान्स पुरुषांना गर्भाशयाचे मुख आहे त्यांच्यासाठीही ही तपासणी आवश्यक आहे' अशी एक ओळ लिहिली, तर कोणाचे काही जात नाही. माता व बाल संरक्षण कार्डाचे नाव बदलण्याची मला गरज दिसत नाही. उलट अवयवांची नावे नेमकी लिहिण्याची फार गरज आहे: 'योनी' हा शब्द बाहेरच्या भागासाठी आणि आतल्या मार्गासाठी सरसकट वापरला जातो, त्यामुळे गोळी नेमकी कोठे ठेवायची हे कळत नाही, म्हणून मी 'योनिमार्गात आत सरकवून ठेवावी, गिळू नये' असे पूर्ण लिहिते.

मला बदल हवा आहे तो केसपेपरवर. 'लिंग' या रकान्याच्या खाली आणखी दोन प्रश्न छापावेत: गर्भाशय, गर्भाशयाचे मुख व अंडाशय यांपैकी शस्त्रक्रियेने काय काढले आहे, आणि तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारावी. पुरुष अशी नोंद असलेल्या रुग्णाची गर्भचाचणी किंवा सोनोग्राफी संगणकाने नाकारू नये, अशी सोयही करावी. ट्रान्स पुरुषाची पोटदुखी त्या पहिल्या प्रश्नामुळे वेळेत ओळखली जाईल, आणि पिशवी काढलेल्या ऊसतोड बाईंचे गर्भाशयमुख शिल्लक आहे की नाही, याचीही त्यांच्या कागदावर प्रथमच नोंद होईल.