घरी बिटकॉइनचा नोड चालवला तर पोलीस येतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदिरानगरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये रास्पबेरी पायवर (तळहाताएवढ्या छोट्या संगणकावर) बिटकॉइनचा फुल नोड, म्हणजे सगळे व्यवहार स्वतः तपासणारं सॉफ्टवेअर, चालवायचा आहे, त्यातून कमाई काही नाही, आणि काका म्हणतात, ‘क्रिप्टोवर बंदी आहे, पोलीस उचलून नेतील.’

बंदी नाही. काकांच्या डोक्यात बहुधा रिझर्व्ह बँकेचं एप्रिल 2018 चं परिपत्रक असावं. क्रिप्टोच्या व्यवहारांना सेवा देऊ नका, असं त्यात बँकांना बजावलं होतं. 4 मार्च 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. मी नाशिकच्या कोर्टात वकिली करतो आणि माझ्या ऑफिसात फायलींच्या कपाटावर असाच नोडचा एक डबा रात्रंदिवस चालू असतो, तेव्हा हे नुसतं पुस्तकी सांगत नाही.

असं प्रकरण समोर आलं की मी आधी एकच विचारतो: यात दुसऱ्या कोणाचा पैसा आहे का? 7 मार्च 2023 च्या अधिसूचनेने क्रिप्टोचा व्यवसाय मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली, म्हणजे पीएमएलएखाली आणला. अदलाबदल करून देणं, पाठवणं, सांभाळून ठेवणं ही कामं धंदा म्हणून आणि दुसऱ्यासाठी केलीत, तर केवायसी, नोंदी, केंद्राच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडे (एफआययू) नोंदणी हे सगळं मागे लागतं. तुमचा नोड व्यवहार तपासतो आणि पुढे ढकलतो. दुसऱ्याच्या पैशाची चावी तुमच्या हातात नाही, गिऱ्हाईक नाही, मोबदला नाही. माझ्या मते तो या व्याख्येत बसत नाही. पण उद्या त्याच मशीनवर लाइटनिंग (बिटकॉइनचे छोटे व्यवहार झटपट करणारं जाळं) चढवून ‘मित्रांनो, तुमचे सॅट्स, म्हणजे बिटकॉइनची चिल्लर, माझ्याकडे ठेवा, मी सांभाळतो’ असं सुरू केलंत आणि वर थोडं शुल्क लावलंत, तर चित्र पालटलं.

याहून मोठा खड्डा आपल्याकडे वेगळाच आहे. ‘एक नोड घ्या, रोज परतावा मिळवा’ असं सांगत नातेवाइकांकडून पैसे गोळा करणारे लोक कॉलेज रोडच्या कॅफेत बसलेले दिसतात. त्यांच्याकडे बहुतेक वेळा नोड नसतोच, असतो तो नुसते आकडे दाखवणारा एक डॅशबोर्ड. यात एमपीआयडी, म्हणजे ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा 1999 चा महाराष्ट्राचा कायदा लागू शकतो, शिवाय अनियंत्रित ठेवींवर बंदी घालणारा 2019 चा केंद्राचा कायदा आहेच. महिन्याला दहा टक्के देतो म्हणणाऱ्या गेनबिटकॉइन योजनेत पुण्यात लोकांचे पैसे कसे बुडाले ते काकांना नक्की आठवत असेल. तुमच्या घरचा डबा दाखवून कोणी तुम्हाला ‘टेक्निकल पार्टनर’ व्हा म्हणालं, तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

आता तो अवघड भाग, ज्याबद्दल लोक उगाच घाबरतात किंवा उगाच हसतात. बिटकॉइनच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे व्यवहारांच्या गठ्ठ्यात, व्यवहारासोबत कोणीही थोडा मजकूर किंवा फाइल कोंबू शकतो. जर्मनीतल्या आखन विद्यापीठाच्या संशोधकांना 2018 मध्ये अशा सुमारे 1600 फाइली सापडल्या. काहींत मुलांच्या लैंगिक शोषणाशी संबंधित मजकूर आणि दुवे होते. ऑक्टोबर 2025 मध्ये आलेल्या बिटकॉइन कोअर या नोडच्या सॉफ्टवेअरच्या 30व्या आवृत्तीने ओपी रिटर्नची, म्हणजे व्यवहारात असा मजकूर ठेवायच्या जागेची, आपोआप लागू होणारी मर्यादा 83 बाइटवरून एक लाख बाइटवर नेली, तेव्हा हा वाद पुन्हा पेटला. आपल्याकडे पॉक्सोचं कलम 15 असं साहित्य बाळगण्याबद्दल आहे आणि सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ बराच कडक लावला. तरी गुन्हा ठरायला जाणीव आणि हेतू लागतात. साखळीत कुठेतरी पुरलेल्या, कधी न उघडलेल्या तुकड्यांसाठी हेतू सिद्ध करणं सरकारी वकिलांना जड जाईल. पण ते खोदून काढणारं सॉफ्टवेअर चालवलंत, चित्रं उघडून पाहिलीत, तर हा बचाव तुम्हीच घालवलात. मी स्वतः प्रून केलेला, म्हणजे तपासून झालेले जुने ब्लॉक पुसून टाकणारा नोड चालवतो. त्यासाठी नोडच्या कॉन्फिग फाइलमध्ये prune=550 एवढी एक ओळ लिहायची. मग सगळे ब्लॉक तपासले जातात, पण डिस्कवर शेवटचे साधारण 550 एमबीच उरतात. सहाशे जीबीहून जास्त जागाही वाचते.

प्रत्यक्षात त्रास झालाच तर तो आयपी पत्त्यामुळे होईल. 8333 पोर्ट, म्हणजे इतर नोडना आत यायचं दार, उघडा ठेवलात की नोडची यादी करणाऱ्या साइटवर तुमचा पत्ता शहरासकट दिसतो. खंडणीच्या किंवा फसवणुकीच्या तपासात एखाद्या अधिकाऱ्याने ‘हा व्यवहार या आयपीवरून आला’ असं वाचलं, तर निरोप्यालाच पत्र लिहिणारा समजण्यातली गत होते. म्हणून नोड फक्त टॉरवरून, म्हणजे आयपी पत्ता लपवणाऱ्या जाळ्यातून चालवा. टॉरचा एक्झिट रिले मात्र घरून अजिबात नको. तिथे अनोळखी लोकांचा सगळाच इंटरनेट वापर तुमच्या नावावर निघतो.

जप्तीची वेळ आलीच, तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे झडतीचं चित्रीकरण व्हायला हवं. ते करायला सांगा आणि पंचनाम्यात पायच्या मेमरी कार्डाची हॅश व्हॅल्यू (आतला डेटा नंतर बदलला का ते दाखवणारा आकडा) लिहून घ्या. आणि त्या कार्डावर स्वतःचं वॉलेट ठेवू नका. एकदा मुद्देमाल म्हणून सीलबंद झालं की परत मिळवायला अर्ज, तारखा, पुन्हा तारखा.

कराचं म्हणाल तर कमाई नाही तोवर विषय नाही. लाइटनिंगचं शुल्क येऊ लागलं तर सीएला दाखवा. क्रिप्टो विकून झालेल्या नफ्यावर 2022 पासून सरळ 30 टक्के कर आहे आणि तोटा वजा करू देत नाहीत. विजेचीही काळजी नको, रास्पबेरी पाय काही वॅटच खातो. हौसेने मायनिंगचं, म्हणजे नवे बिटकॉइन कमावण्याचं, तीन हजार वॅटचं यंत्र घरगुती मीटरवर लावलंत, तर मात्र महावितरण वीज कायद्याच्या कलम 126 खाली अनधिकृत वापर ठरवून दुप्पट दराने आकारणी करू शकतं.

राहिला भाड्याचा फ्लॅट. ब्रॉडबँड कोणाच्या नावावर आहे ते आजच पाहा. घरमालकाच्या नावावर असेल तर आधी स्वतःच्या नावावर नवं कनेक्शन घ्या, प्लॅनच्या अटींत घरून सर्व्हर चालवायला मनाई आहे का तेही वाचा. आयपीवरून चौकशी निघाली तर पहिलं पत्र कनेक्शन ज्याच्या नावावर त्याला जातं, आणि घर रिकामं करा म्हणायला घरमालकाला तेवढंही पुरतं.