पुण्यात शिकायला येतोयस? खोली घेण्याआधी एवढं बघ

आधी कॉलेजच्या वसतिगृहाचा अर्ज भर. समाजकल्याण खात्याचं सरकारी वसतिगृह आणि विद्यार्थी सहाय्यक समिती (गरजू मुलांसाठी वसतिगृहं चालवणारी संस्था), तिथंही निकषात बसत असशील तर अर्ज टाकून ठेव. एवढं झालं की मग खाजगी.

सदाशिव, नारायण पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्याने, जागा मिळते. नवखी मुलं नुसतं भाडं विचारतात. लाइटबिल, पाणी, मेस धरून महिन्याचे किती होतात ते विचार. फोटो बघून डिपॉझिट पाठवायचं नाही. ‘आजच भरा, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे’ म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही.

जागा अंधार पडल्यावर बघ. जिन्यात दिवा आहे का, खिडकी उघडते का, आग लागली तर बाहेर पडायला वाट कुठली. प्लायवूडचं पार्टिशन घालून एका खोलीच्या तीन केल्या असतील तर भाडं कितीही कमी असो, सरळ पुढे चल. आणि मालक नसताना तिथल्या पोरांना विचार, सोडून गेलेल्यांना डिपॉझिट परत मिळालं का? खरी माहिती तिथंच मिळते.

करार बहुतेक 11 महिन्यांचा असतो. तो लेखी आणि नोंदवलेलाच हवा; नोंदणी ही कायद्याने मालकाची जबाबदारी आहे. नोटीस किती दिवसांची तेही वाच. फ्लॅट शेअरिंगचं पुढच्या वर्षी बघू.