जाहिरातीत फोन नंबर टाकू की नको?

प्रश्न: ताई, मिरजेत माझं फ्रीज-वॉशिंग मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. गूगलवर जाहिरात सुरू केली, दिवसाला 300 रुपये. शीर्षकातच मोबाइल नंबर घातला, तर जाहिरात 'डिसॲप्रूव्ह' होऊन परत आली. ओळखीचा एक मुलगा म्हणतो, आकडे अक्षरांत लिहा, 'नऊ आठ दोन' असे, म्हणजे खपून जातं. माझा हिशेब साधा आहे. नंबर वरच दिसला तर माणूस क्लिक न करता सरळ फोन लावेल, माझे क्लिकचे पैसे वाचतील. की 0233चा लँडलाइन टाकू? तो घरी आहे, आई उचलते.
— एक वाचक, मिरज

उत्तर: तुमचा हिशेब वाचून मला माझं जुनं काउंटर आठवलं. अकरा वर्षं मी एका दैनिकाच्या छोट्या जाहिराती घ्यायचे. दर शब्दावर. लोक पेनाने एकेक शब्द खोडत बसायचे. 'त्वरित' गेलं, 'संपर्क' गेलं, एकदा तर एका गृहस्थांनी 'विकणे आहे'मधलं 'आहे' खोडलं. फोन नंबर मात्र कधी कुणी खोडला नाही. तो एक शब्द धरायचो आम्ही, आणि जाहिरात त्याच्यासाठीच असायची.

तिथे पैसे जागेचे होते. इथे जागेला पैसे नाहीत, बोट टेकवल्याला आहेत. तुम्हाला जे सुचलं ते तुमच्याआधी पुष्कळांना सुचलं होतं, म्हणून तर 2013पासून गूगलने जाहिरातीच्या मजकुरात फोन नंबर घ्यायचं बंद केलं. शीर्षकाला 30 अक्षरं मिळतात, त्यात नंबर बसतो, पण चालत नाही. त्या मुलाचं ऐकू नका. अक्षरांत लिहिलेला नंबर एखाद्या वेळी सुटेलही, पण नियमाला अशा बगला देत राहिलात तर जाहिरात राहील बाजूला, खातंच बंद व्हायचं. मग दाद मागत बसा.

नंबराला वेगळं घर आहे. पूर्वी 'कॉल एक्स्टेन्शन' म्हणायचे, आता 'कॉल ॲसेट' म्हणतात. तिथे नंबर भरला की मोबाइलवर तुमच्या जाहिरातीला फोनचं बटण येतं. त्या बटणावर बोट टेकवलं की शीर्षकावर टेकवल्यासारखाच क्लिक धरतात आणि पैसे कापतात. कॉम्प्युटरवर नंबर दिसला आणि कुणी तो बघून हाताने फिरवला, तर मात्र पैसे लागत नाहीत. म्हणजे तुमचा हिशेब अगदीच चुकीचा नव्हता. पण वॉशिंग मशीनचं पाणी बाथरूमभर झालेलं असताना कॉम्प्युटर कोण उघडतो? बटण प्रत्येक वेळी दिसेलच असंही नाही, ते गूगल ठरवतं.

आणखी एक. क्लिक चुकवण्याच्या नादाला लागू नका. कुणाची जाहिरात वर लावायची हे ठरवताना तुमची बोली, म्हणजे एका क्लिकला जास्तीत जास्त किती द्यायला तयार आहात ते, बघतात, तसंच त्या जाहिरातीवर लोक क्लिक करतील का, हेही बघतात. जिला कुणी हात लावत नाही ती जाहिरात खाली सरकते, आणि वर यायला जास्त बोली लावावी लागते.

पैसे खरे जातात ते पुढे. बटण दाबल्याचे पैसे कापले जातात, तुम्ही फोन उचला न उचला. साताऱ्याचे एक आरओ फिल्टरवाले माझ्याकडे 'गूगल लुबाडतंय' म्हणत आले होते. क्लिक आहेत, गिऱ्हाईक नाही. मी म्हटलं, नंबर कुणाचा टाकलाय? मुलाचा. मुलगा कुठे? कॉलेजात. त्याचा फोन मागवला आणि कॉलची यादी वर सरकवत गेले. सकाळी अकरा ते दुपारी दोन, सगळ्या लाल ओळी, एकाच नंबरच्या तीन-तीन. त्यांच्या क्लिकला तेव्हा साधारण तीस रुपये पडत होते. ते गप्पच झाले. नंतर मुलाला ओरडले, ते उगाच.

तेव्हा 200-300 रुपयांचं रिचार्ज करून एक वेगळं सिम घ्या. तो नंबर जाहिरातीशिवाय कुठेच द्यायचा नाही, पाटीवर नाही, पावतीवर नाही. गूगलला पडताळणीसाठी लागतो म्हणून वेबसाइट असेल तर तिच्यावर तेवढा असू द्या. दोन सिमच्या फोनमध्ये त्याची रिंग वेगळी ठेवा. ती वाजली की समजायचं, ही क्लिकची घंटी, हातातला पाना खाली ठेवायचा. महिन्याअखेर त्या सिमवरचे कॉल मोजले की जाहिरातीने काय दिलं ते कळतं, त्यासाठी कुठला तक्ता बघायला नको. कॉल ॲसेटला वेळही लावता येते. तुम्ही नऊ ते आठ काम करत असाल तर तेवढीच लावा. रात्री साडेअकराला बटण दिसून उपयोग काय?

खर्चाचा हिशेब मांडताना 18 टक्के जीएसटी विसरू नका. आगाऊ हजार भरलेत तर जाहिरातीला साधारण 847च उरतात.

तुम्ही विचारलं नाही, पण मिरज म्हणून सांगते. ठिकाणाच्या सेटिंगमध्ये मुळात जो पर्याय निवडलेला असतो, त्यात त्या भागात नुसता 'रस असलेली' माणसंही धरतात. तो बदलून प्रत्यक्ष त्या भागात असणाऱ्यांपुरता ठेवा. नाहीतर अथणी-बेळगावहून फोन येतील, तेही कन्नडमध्ये, आणि प्रत्येकाचे पैसे तुम्हीच भरणार. 'नोकरी', 'कोर्स', 'सेकंड हँड' हे शब्द निगेटिव्ह कीवर्डमध्ये, म्हणजे ज्या शब्दांच्या शोधात तुमची जाहिरात दाखवायची नाही त्यांच्या यादीत, घाला. आणि फोन उचलल्यावर पहिल्या वाक्यात सांगून टाका, कंपनीचं सर्व्हिस सेंटर नाही, माझं स्वतःचं दुकान आहे. खोट्या कस्टमर केअर नंबरांनी लोक इतके पोळलेत की नंतर कळलं तर दारातून परत पाठवतात.

लँडलाइन चालतो. तुम्ही दिवसभर गाडीवर असाल तर मी तोच टाकेन. आई उचलतात ना? मग फोनशेजारी एक वही ठेवा. नाव, गल्ली, मशीन टॉप लोड की फ्रंट लोड, पाणी चढत नाही की उतरत नाही, एवढं त्यांनी लिहून घ्यायचं. दर सांगायचा नाही. 'मुलगा अर्ध्या तासात फोन करतो' म्हणायचं, आणि तुम्ही तो करायचा.